डोंगरातल्या ऑफरोड ट्रेल पार्कला फोर बाय फोर घेऊन पहिल्यांदाच जातोय, काय काळजी घेऊ?
सगळ्यात आधी टायरची हवा. रोडवर ३२ पीएसआयच्या आसपास ठेवता ना, ट्रेल सुरू व्हायच्या आधी ती २० पर्यंत उतरवा, टायर खाली पसरून दगडाला धरतो आणि ग्रिपमधला फरक लगेच जाणवतो, पण परत रोडला लागायच्या आधी हवा भरायलाच लागते म्हणून छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच.

चढाची भीती सगळ्यांना वाटते पण खरा धोका उताराला असतो. उतरताना फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा, कमी वेगाचा मोड), पहिला गिअर आणि पाय क्लचवर अजिबात नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसता ब्रेक दाबत बसलात तर सुट्या मातीत चाकं घसरतात आणि गाडी आडवी व्हायला लागते, तेच फार वाईट. आणि हो, अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग असं गरकन फिरतं की अंगठा मोडू शकतो.

अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. एकटे तर जाऊच नका, अडकलात तर ओढायला दुसरी गाडी पाहिजे. आणि प्लीज ट्रेल सोडून गवतात गाडी घालू नका, चाकांनी गवत उखडलं की तिथली माती पावसात वाहून जाते.