जर्मनीत पीएचडीला येणाऱ्यानं ते १० टक्के डोक्यातून काढावेत

अरे खानापूरचा आहेस वाचून बरं वाटलं, मी निपाणीचा. तू विचारलंयस की मलप्रभा नदीच्या पाण्यावरचा एमएस्सीचा थिसिस ८ टक्के सिमिलॅरिटीत (म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर) पास झालाय, तर त्यातूनच पीएचडीचं प्रपोजल आणि पहिला पेपर काढला तर चालतंय का.

चालतंय, थिसिसमधून घेतलंय असं लिहून टाक म्हणजे झालं. पण ते ८ टक्के इथं कोण विचारत नाही. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही हा आपल्या यूजीसीचा २०१८ चा नियम, इथं जुळलेला मजकूर नेमका कुठला ते उघडून बघतात. मेथड्समधली, म्हणजे काम कसं केलं ते सांगणारी साधी वाक्यं जुळली तर कुणाचं काय म्हणणं नसतंय, पण ३ टक्केच असले आणि ते सगळे एकाच माणसाच्या पेपरातल्या डिस्कशनमधनं, म्हणजे निकालांचा अर्थ लावणाऱ्या भागातनं उचललेले असले तर अवघड आहे. आणि डिग्री हातात आली म्हणजे सुटलो असं पण नाही. गुटेनबर्ग म्हणून इथला संरक्षणमंत्री होता, थिसिसमध्ये उचलेगिरी सापडली म्हणून २०११ ला त्याची डॉक्टरेट गेली आणि मंत्रिपद पण गेलं. शिक्षणमंत्री शावान बाईंची १९८० ची डॉक्टरेट २०१३ ला काढून घेतली, ३३ वर्षांनी!

आपल्याकडं 'टक्के कमी करून देतो' म्हणणारे असतात ना, कळकळीनं सांगतो, तिकडं फिरकू नको. ते सॉफ्टवेअरमध्ये घालून नुसते शब्द बदलतात, त्यातनं 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' आणि 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेले पेपर छापून आलेत, २०२१ मध्ये कॅबनाक नावाच्या फ्रेंच संशोधकानं आणि त्याच्या सोबतच्यांनी ते उघडकीला आणले आणि आता असले शब्द शोधूनच पेपर पकडतात. टक्के कमी दिसावेत म्हणून पांढऱ्या अक्षरात लपवलेला मजकूर टर्निटिन (सिमिलॅरिटी तपासायचं सॉफ्टवेअर) पण दाखवतंय.

आपल्या भागातल्या पोरांना आणखी एक मोह असतोय, कन्नड रिपोर्टातलं किंवा मराठी पुस्तकातलं इंग्रजीत करून घालायचं आणि नाव द्यायचं नाही, कारण सॉफ्टवेअरला ते सहसा सापडत नाही. ही पण चोरीच रे. उलट खात्याचं नाव, साल, पान नंबर दे आणि 'भाषांतर माझं' असं लिही, असले सोर्स वाचू शकणारा माणूस इथल्या लॅबमध्ये सापडत नाही, ती तुझी जमेची बाजू आहे.

सवय एकच लाव. वाचताना दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं फाइलीत घेतलंस की त्याच मिनिटाला लाल कर आणि शेजारी पान नंबर टाक, मग लिहायला बसताना तो पेपर बंद करून लिही, नाहीतर चार महिन्यांनी कुठलं वाक्य आपलं ते आपल्यालाच कळत नाही.

तुझंच कुणी उचललं तर फेसबुकवर नाव घेऊन भांडू नको. डावीकडं तुझा मजकूर, उजवीकडं त्याचा, दोन्हीच्या तारखा, असा तक्ता करून गाईडला दाखव आणि जर्नलच्या एडिटरला मेल कर. जर्नल कोपचं (COPE, प्रकाशनातल्या नीतिमत्तेची समिती) मेंबर असलं तर ठरलेली पद्धत असते, आधी त्या लेखकाकडं खुलासा मागतात, तो पटला नाही तर त्याच्या संस्थेला कळवतात, आणि सिद्ध झालं तर पेपर मागं घेतात. महिनेच्या महिने जातात, धीर धर.

उद्या तुझ्यावर बोट आलं तरी तारखांचेच पुरावे लागतात, म्हणून निघताना लॅबच्या वहीचे फोटो आणि कच्चे ड्राफ्ट ड्राइव्हवर टाकूनच ये. आणि प्रपोजल पाठवायच्या आधी मला पाठव, रविवारी बसून बघतो.