दुर्बिणीतून की पोट उघडून? दोन सर्जन, दोन मतं

तुमच्या वडिलांच्या मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ आहे. एक सर्जन दुर्बिणीतून काढू म्हणतात, दुसरे पोट उघडून. आणि दुर्बिणीतून केलं तर कॅन्सर आत राहून जाईल, अशी तुम्हाला धास्ती आहे.

ही धास्ती एकेकाळी सर्जन मंडळींनाही होती. नव्वदच्या दशकात दुर्बीण आत घालायला पोटावर पाडलेल्या छिद्रांच्या जागी कॅन्सरच्या गाठी उठल्याच्या नोंदी आल्या आणि बरेच जण बिचकले. म्हणूनच मोठ्या तुलना झाल्या. २००४ साली ८७२ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. तीन वर्षांत कॅन्सर परत आला तो दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के लोकांना. जगण्याचं प्रमाण ८६ आणि ८५. जखमेच्या जागी गाठ येण्याचं प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. म्हणजे कॅन्सरच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच.

कारण आत कापायचं तेच असतं. गाठीच्या दोन्ही बाजूंचं निरोगी आतडं, तिकडे जाणारी रक्तवाहिनी मुळापाशी बांधून तोडणं आणि तिच्याभोवतीचे लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर जिथे आधी पसरू शकतो त्या छोट्या ग्रंथी. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये किमान १२ नोड तपासलेले असावेत, हे मात्र तुम्ही स्वतः बघा. दुर्बिणीतही आतड्याचा तुकडा छिद्रातून निघत नाही, त्यासाठी एक छोटा छेद घ्यावाच लागतो.

खरा फरक नंतरच्या दिवसांत दिसतो. माझं ऑपरेशन पोट उघडून झालं होतं. खोकला आला की आधी उशी पोटाशी घट्ट धरायची, मग खोकायचं. खोकल्याच्या भीतीने माणूस छाती भरून श्वास घेत नाही, कफ साठतो, आणि वयस्कर माणसाला तेच महागात पडतं. दुर्बिणीत दुखणं कमी, आतडी लवकर चालू होतात, घरी साधारण एखादा दिवस आधी जाता येतं. खांदा दुखला तर घाबरू नका, पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं. ऑपरेशनला वेळ मात्र जास्त लागतो.

त्याच अभ्यासात दुर्बिणीने सुरू केलेल्या दर पाचांपैकी साधारण एकाचं पोट मध्येच उघडावं लागलं. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतात, गाठ शेजारच्या अवयवात शिरलेली निघते. अशा वेळी वेळेवर पोट उघडणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो. आतडं पूर्ण बंद झालं असेल किंवा फुटलं असेल, तर बहुतेक जण सरळ उघडूनच करतात.

म्हणून दुसऱ्या सर्जनना स्पष्ट विचारा: उघडून करायचं ते बाबांच्या सीटी स्कॅनमध्ये तसं काही दिसतंय म्हणून, की तुमचा हात त्यात बसलाय म्हणून? दोन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात. पहिलं असेल तर तोच स्कॅन घेऊन पहिल्या सर्जनकडे जा आणि त्याच जागेवर बोट ठेवून विचारा.