सिलेक्टेडइंडेक्सने कॉम्बो चालतो, पण तो आकडा जागेचा असतो

तुमची अडचण थोडक्यात अशी: ऑर्डरची स्थिती टेबलमध्ये ० ते ३ अशी पूर्णांकात साठवली आहे. सी शार्पमध्ये त्याच चार स्थितींचा एनम (आकड्यांना नावं देणारा प्रकार) आहे. डब्ल्यूपीएफच्या (विंडोजवरचे पडदे बनवायच्या चौकटीच्या) कॉम्बोबॉक्सला, म्हणजे ड्रॉपडाउनला, एनमची यादी दिली आणि सिलेक्टेडआयटम (निवडलेली गोष्ट) व्ह्यूमॉडेलमधल्या (पडद्याला डेटा पुरवणाऱ्या क्लासमधल्या) इंट, म्हणजे पूर्णांकाच्या, प्रॉपर्टीला बांधला, तर कॉम्बो रिकामाच दिसतो. सिलेक्टेडइंडेक्सला बांधला की लगेच चालतो. मग तसंच ठेवू का, असं तुम्ही विचारलंय.

कृपया तसं ठेवू नका. सिलेक्टेडइंडेक्स म्हणजे यादीतली कितवी ओळ निवडली, एवढंच. तुमचा एनम शून्यापासून ओळीने मोजलेला आहे आणि यादीही त्याच क्रमात आहे, म्हणून आज दोन्ही आकडे जुळतात. एका ठिकाणी डिस्पॅचच्या सॉफ्टवेअरवर मी काम करत होतो, तिथेही असेच जुळत होते. वापरणाऱ्यांना शोधायला सोपं जावं म्हणून एका सहकाऱ्याने ड्रॉपडाउनची यादी अकारविल्हे लावली. बदल एका ओळीचा होता. त्यानंतर माणूस पडद्यावर ‘पाठवली’ निवडायचा आणि टेबलमध्ये ‘रद्द’चा आकडा जायचा. प्रोग्रॅम कुठे बंद पडला नाही, लॉगमध्ये काही आलं नाही. रद्द दिसणारा माल हातात पडल्याचं एका ग्राहकाने फोन करून सांगितलं, तेव्हा कळलं. पुढचे दोन दिवस आम्ही कागदी चलनं समोर ठेवून एकेक नोंद दुरुस्त केली. तेव्हापासून कुणाच्याही कोडमध्ये स्थितीला बांधलेला सिलेक्टेडइंडेक्स दिसला की मी थांबून विचारतो.

आता रिकाम्या कॉम्बोचं कारण. सिलेक्टेडआयटमचा प्रकार ऑब्जेक्ट आहे. तुमचा इंट ऑब्जेक्टमध्ये सहज मावतो, त्यामुळे बाइंडिंगला (प्रॉपर्टी आणि कॉम्बो जोडणाऱ्या दुव्याला) रूपांतर करायची गरजच वाटत नाही. २ हा आकडा जसाच्या तसा कॉम्बोकडे जातो. कॉम्बो तो यादीत शोधतो, पण यादीत एनमच्या किमती आहेत. बॉक्स केलेला (ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेला) इंट २ आणि ज्याची किंमत २ आहे असा बॉक्स केलेला एनम, या दोघांची ईक्वल्सने तुलना केली तर उत्तर ‘नाही’ येतं. प्रकार वेगळे, म्हणून समान नाहीत. कॉम्बोच्या लेखी ही निवड यादीत नाहीच.

यावर सगळे सुचवतात तो उपाय म्हणजे आय-व्हॅल्यूकन्व्हर्टर (बाइंडिंगमधून जाता-येता किंमत बदलणारा क्लास) लिहिणे. तो चालतो, पण त्यात अडखळायच्या जागा बऱ्याच आहेत. कन्व्हर्टमध्ये (पडद्याकडे जाताना) इंटचा एनम करायचा, तर कोणता एनम हे त्याला कळायला हवं. टार्गेटटाइप (ज्या प्रकारात किंमत हवी तो) बघाल तर तिथे ऑब्जेक्टच मिळेल, म्हणून एनमचा प्रकार कन्व्हर्टरपॅरामीटरमधून द्यावा लागतो आणि एनम.टूऑब्जेक्ट वापरावं लागतं. कन्व्हर्टबॅकमध्ये (पडद्याकडून परत येताना) टार्गेटटाइप म्हणजे तुमच्या प्रॉपर्टीचा प्रकार. ती प्रॉपर्टी नलेबल (रिकामाही राहू शकणारा) इंट असेल, तर कन्व्हर्ट.चेंजटाइप थेट एक्सेप्शन फेकतं. आधी नलेबलच्या आतला प्रकार काढून घ्या. आणि कन्व्हर्टरमधून बाहेर पडलेलं एक्सेप्शन डब्ल्यूपीएफ स्वतःहून पकडत नाही, ते सरळ ॲप्लिकेशनपर्यंत येतं. किंमत समजली नाही तर डिपेन्डन्सीप्रॉपर्टी.अनसेटव्हॅल्यू परत करा. फॉलबॅकव्हॅल्यू दिली असेल तर ती वापरली जाईल.

रेडिओ बटणांसाठी मात्र कन्व्हर्टर मला मनापासून आवडतो. प्रत्येक बटणाला एनमची एक किंमत पॅरामीटर म्हणून द्यायची, कन्व्हर्टमध्ये तुलना करायची, आणि कन्व्हर्टबॅकमध्ये बटण चालू झालं असेल तर तो पॅरामीटर परत करायचा, नाहीतर बाइंडिंग.डूनथिंग, म्हणजे ‘काही लिहू नको’. हे शेवटचं विसरलात तर बंद होणारं बटणही प्रॉपर्टीत काहीतरी लिहू पाहतं.

तुमच्या कॉम्बोसाठी मी कन्व्हर्टर लिहिणारच नाही. व्ह्यूमॉडेलमधली प्रॉपर्टी एनमच्या प्रकारचीच करा आणि आकड्याचा एनम टेबल वाचतानाच करून टाका. पडद्यापर्यंत उघडा आकडा पोहोचूच देऊ नका. याचा फायदा कॉम्बोपुरता नाही. उद्या थकलेल्या ऑर्डरची ओळ लाल करायची झाली, तर डेटाट्रिगरमध्ये (अट जुळली की दिसणं बदलणाऱ्या नियमात) एनमचं नाव सरळ लिहिता येतं. डब्ल्यूपीएफ त्या मजकुराचा एनम करून तुलना करतं. प्रॉपर्टी इंट असेल तर तिथे नुसता ३ लिहावा लागेल आणि सहा महिन्यांनी तो ३ काय होता हे शोधत बसावं लागेल.

यादीसाठी एक छोटा क्लास करा: एक किंमत, एक मराठी नाव. कॉम्बोला या जोड्यांची यादी द्या, डिस्प्लेमेंबरपाथमध्ये नाव, सिलेक्टेडव्हॅल्यूपाथमध्ये किंमत, आणि सिलेक्टेडव्हॅल्यू एनम प्रॉपर्टीला बांधा. मग यादी अकारविल्हे लावा, उलटी करा, मधली एखादी स्थिती लपवा, साठवलेल्या आकड्याला धक्का लागत नाही. एनम.गेटव्हॅल्यूजची यादी थेट दाखवली तर पडद्यावर इंग्रजी नावं येतात, आणि क्रमही तुमच्या हातात राहत नाही: ऋण किमती सगळ्यात शेवटी जातात, कारण तिथे तुलना चिन्ह सोडून होते.

टेबल वाचताना दोन गोष्टी जपा. एसक्यूएल सर्व्हरमधला कॉलम टायनीइंट (एका बाइटचा पूर्णांक) असेल तर टेबल वाचणारा रीडर बाइट देतो, आणि बॉक्स केलेला बाइट थेट इंटमध्ये कास्ट केला (कोडमध्ये प्रकार सांगून बदलला) की इनव्हॅलिडकास्टएक्सेप्शन येतं. कन्व्हर्ट.टूइंट३२ने आधी इंट करा, मग एनम. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे: सी शार्पमध्ये कोणताही इंट एनममध्ये कास्ट होतो. चार स्थितींच्या एनममध्ये ७ टाकला तरी कुणी अडवत नाही. म्हणून कास्टच्या आधी तो आकडा एनममध्ये आहे का हे एनम.इझडिफाइन्डने तपासा आणि नापास झालं तर नोंदीच्या क्रमांकासह तिथेच एरर द्या. अपवाद फ्लॅग्ज एनमचा. तिथे दोन किमती एकत्र केल्या की इझडिफाइन्ड ‘नाही’ म्हणतं. एन्टिटी फ्रेमवर्क कोअर (डेटाबेस हाताळणारी लायब्ररी) वापरत असाल तर इंट आणि एनमची अदलाबदल ते आपणहून करतं, २.१ पासून हवं तर नाव मजकूर म्हणूनही साठवतं. पण चुकीच्या आकड्याची तपासणी तेव्हाही तुम्हालाच करावी लागेल.

एनमच्या प्रत्येक सदस्यापुढे त्याचा आकडा लिहून ठेवा. नाहीतर कुणीतरी मध्येच ‘अंशतः पाठवली’ घालेल, खालच्या सगळ्या किमती एकाने सरकतील आणि जुन्या नोंदींचा अर्थच बदलेल. नवी स्थिती आली की तिला नवा आकडा द्या. काढून टाकलेल्या स्थितीचा आकडा पुन्हा वापरू नका.

हे सगळं बदलण्याआधी आजच टेबलवर एक क्वेरी चालवा: स्थितीच्या कॉलममध्ये कोणकोणते आकडे आहेत आणि प्रत्येकाच्या किती नोंदी आहेत. त्यात -१ दिसला तर घाबरू नका. काहीच निवडलेलं नसताना सिलेक्टेडइंडेक्स -१ असतो, आणि तुमच्या सध्याच्या बाइंडिंगने तो तसाच साठवला असण्याची शक्यता आहे. त्या नोंदी बाजूला काढा, त्यांची खरी स्थिती ऑर्डर हाताळणाऱ्या माणसाला विचारून भरा, आणि मगच इझडिफाइन्डची तपासणी चालू करा.