मुद्देसूद शैक्षणिक निबंध कसा लिहावा? प्रस्तावना किती मोठी ठेवावी?

प्रस्तावनेचं विचारलंत म्हणून लिहायला बसले. या प्रस्तावनेनेच मला एकदा भर वर्गात रडवलं आहे.

२००९ मध्ये मी एम.ए. अर्थशास्त्राला होते. कापसाच्या हमीभावावर निबंध द्यायचा होता. २००८-०९ च्या हंगामात केंद्राने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २,०३० वरून एकदम ३,००० रुपये क्विंटल केला होता. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे पारावर दुसरा विषयच नव्हता. मी १४ पानं लिहिली. शाळेत शिकवलं तसा आधी सुविचार, मग 'भारत हा कृषिप्रधान देश आहे', मग पांढऱ्या सोन्याचा इतिहास. सरांनी वर्गासमोर एकेक पान उलटत लाल पेनाने तिरप्या रेघा मारल्या. नवव्या पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं, 'भाव वाढला, पण ज्याला माल घरात ठेवून थांबणं परवडतं त्यालाच तो मिळतो.' म्हणाले, "हा तुझा निबंध. बाकी सगळं भरताड."

फार लागलं, पण सर बरोबर होते. जे सिद्ध करायचंय ते आधी एका वाक्यात लिहा, आणि ते असं हवं की समोरच्याला 'मला नाही पटत' म्हणता आलं पाहिजे. 'कापूस हे महत्त्वाचं पीक आहे' याला कोण नाही म्हणणार? लिहून झालं की प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवून सलग वाचा. तेवढ्यावर तुमचं म्हणणं कळलं तर रचना जमली. एखादं वाक्य गाळूनही काही अडत नसेल तर तो परिच्छेदच काढून टाका.

भांडण आहे ते पुढच्या रेघेवर. त्याच पानावर मी बाबांची काटापावती उतरवली होती. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा, करून वेचलेला पहिला वेचा, माल ओला. मी म्हटलं होतं, थोडं थांबू. बाबा म्हणाले, "थांबून का करू? बाजाराच्या दिवशी बायांले वेचाई कोन देईन?" वेचाई म्हणजे वेचणीची मजुरी. बंडी सरळ व्यापाऱ्याकडे गेली. भाव २,४००, त्यातून हमाली आणि तोलाई वेगळी. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, पुढे कपात, आणि १२ च्या वर गेला की मालच घेत नाहीत. दिवाळीआधीचा कापूस ८ टक्क्यांवर कुठून येणार? सरांनी तेही खोडलं. "घरच्या गोष्टी निबंधात नकोत."

का नकोत? एका पावतीवरून जिल्ह्याचं चित्र ठरत नाही, हे मलाही कळतं. पण ती पावती नसती तर नवव्या पानावरचं वाक्य मला सुचलंच नसतं. तिच्या जोडीला बाजार समितीतली महिनावार आवक आणि त्या-त्या महिन्याचे दर मांडले असते, तर पुरावा उभा राहिला असता. सरांनी हे शिकवायला हवं होतं, नुसती रेघ मारायला नको होती. पुस्तकातला उतारा चालतो आणि बापाची पावती चालत नाही, हे मला आजही मान्य नाही. खेड्यातल्या पोरांनी आपलं वावर वर्गाबाहेर ठेवून यावं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मात्र पावती मांडली की तिच्या विरुद्धचंही लिहा. हमीभाव जाहीर झाला की व्यापाऱ्यालाही भाव थोडा चढवावा लागतो, हा आक्षेप माझ्या निबंधात नव्हता. तो असायला हवा होता.

संदर्भ देण्याची पद्धत प्रत्येक विभागाची निराळी असते, ती आधीच विचारून घ्या. आणि प्रस्तावना हजार शब्दांच्या निबंधाला शंभर-सव्वाशे शब्दांची पुरे. ती सगळ्यात शेवटी लिहा. मी आधी लिहायला घेतली, म्हणून ती ८ पानं झाली.