अभिजात कादंबऱ्यांचे रक्तपिपासू नायक

प्रश्न : अभिजात इंग्रजी कादंबऱ्यांच्या नायकाला व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारे पिशाच्च, करून नव्याने लिहिलेल्या प्रेमकथा बऱ्याच दिसतात. ही मूळ कृतीची विटंबना नव्हे काय?

उत्तर : सरसकट तसे म्हणता येणार नाही. जेन ऑस्टिन आणि ब्राँटे भगिनी यांच्या कादंबऱ्यांवर आता कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न वाङ्मयीन आहे, आणि तेथे मूळ संहिताच आपल्याला चकित करते. १८४७ मधील एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’च्या अखेरीस कथा सांगणाऱ्या नेली डीनच्या मनात नायक हीथक्लिफ हा व्हॅम्पायर तर नसेल ना, अशी शंका येऊन जाते, त्याच वर्षीच्या शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये, रात्री आपल्या खोलीत शिरलेल्या बाईचे वर्णन करताना नायिका जेनला व्हॅम्पायरच आठवतो. या कादंबऱ्यांत बीज आधीपासूनच आहे, ते वाढवणाऱ्या लेखकाला दोष कशाला द्यावा? ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक डार्सी याचे मात्र तसे नाही. त्याचा अहंकार आणि अबोलपणा हे निव्वळ माणसाचे दोष आहेत, आणि त्यांच्यामागे रक्ताची तहान दाखवली की नायिका एलिझाबेथने खडसावल्यानंतर त्याने स्वतःला बदलण्याला काही अर्थच उरत नाही. शिवाय पेंबर्ली या आपल्या वाड्याच्या आवारात तो तिला दिवसाढवळ्या भेटतो, आणि व्हॅम्पायरला ऊन सोसत नाही असे मानतात, तेव्हा त्याचीही काही सोय लावावी लागते!