'रेक्लमेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा: गोव्यातल्या उघड्या लोहखाणींवरच्या एका अहवालाचं मराठी करताना 'माइन रेक्लमेशन'ला (खाणकाम झाल्यावर तिथली जमीन सावरण्याला) 'भूमी-पुनर्प्रापण' लिहावं की सरळ 'भराव'? आणि 'ओव्हरबर्डन'ला 'अतिभार' चालेल का?

आधी सोपं. 'अतिभार' नको. तो वाचला की क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेला ट्रक डोळ्यांपुढे येतो (खाणभागात तोही दिसतो म्हणा!). 'ओव्हरबर्डन' जागेवर आहे तोवर 'खनिजावरचा थर'. वर जांभा, खाली मऊ चिकणमाती. गोव्यात टनभर खनिजासाठी असा अडीच-तीन टन माल उपसावा लागतो. उपसून रचला की तोच 'डंप'. डिचोली-सांग्यात सगळे डंपच म्हणतात. तिथे 'मातीचा ढिगारा' लिहिलंत तर वाचकाला घरामागचा ढीग दिसेल, गावावर टेकलेली टेकडी दिसणार नाही.

'खाणपट्टा' लिहितानाही जपा. महाराष्ट्राच्या महसुली भाषेत तो उत्खननासाठी दिलेला भाडेपट्टा; गोव्यात बोलताना डिचोली, सत्तरी, सांगे हा मुलूख. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ज्या ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, त्यांना तिथे 'लीज'च म्हणतात.

आता रेक्लमेशन. इंग्रजीत शब्द एक, कामं दोन. मुंबईत बॅकबेला समुद्र हटवून जमीन केली, तो भराव. खाडीकाठी बांध घालून, भरतीचं पाणी मानशीच्या दारांनी अडवून भातशेती केली, ते खाजण. दोन्हीकडे जिथे पाणी होतं तिथे जमीन आली. खाणीत उलटं आहे. जमीन होतीच, ती आपण उकरली. मग ती गेली कुठे होती म्हणून 'पुनर्प्रापण'? 'पुनर्वसन'ही नको, गावकरी ते आपल्या घरादाराबद्दल वाचतील.

मी मथळ्याला 'खाणजमीन सुधारणा' लिहीन आणि मजकुरात क्रियापदांवर भागवीन: खड्डा बुजवणे, डंपाला पायऱ्या पाडून उतार कमी करणे, त्यावर काथ्याच्या जाळ्या अंथरणे, राखून ठेवलेली वरची माती पसरणे, झाडं लावणे. 'पूर्ववत' मात्र लिहू नका. गेलेला डोंगर परत येत नाही. आणि डंपांवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाला 'जंगल' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राहिला 'पिट लेक'. गोव्यातल्या कितीतरी खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्या आहेत. पाण्याचा उपसा थांबला की त्या भरतात. त्याला 'खड्डा-सरोवर' कशाला? दगड काढून झाल्यावर पाण्याने भरलेल्या जागेला कोल्हापुरात 'खण' म्हणतात. तिथल्या इराणी खणीत दरवर्षी गणपती विसर्जन होतं. खणणे, खाण, खण, सगळं एकाच घरातलं. तोच शब्द उचला.