मित्र बायकोवर हात उचलतो, मी बोलू का?

प्रश्न: मी भांडुपला राहतो, रोज सकाळच्या ठरलेल्या लोकलला आमचा 7-8 जणांचा ग्रुप असतो. मागच्या आठवड्यात एकजण सहज सांगत होता की बायको आईला उलट बोलली म्हणून एक कानाखाली दिली, तर बाकीचे म्हणाले चालतं रे, कधीकधी लागतं. मी गप्प बसलो. तो आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे, वहिनी जिन्यात दिसल्या की माझी मान खाली जाते. माणूस वाईट नाही, रागीट आहे. दुसऱ्याच्या घरात पडावं का?

उत्तर: दादा, बोलाच. आणि रागीट म्हणताय, पण साहेब झापतो तेव्हा हात उठतो का त्याचा? तिथे राग आवरतो, म्हणजे आवरता येतो.

त्याने आईचं कारण पुढे केलं आणि सगळ्यांना पटलं, यात मला नवल वाटलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) सात कारणं विचारली होती, त्यातल्या एकासाठी तरी नवऱ्याने मारलेलं योग्य असं 44 टक्के पुरुष म्हणाले, बायकासुद्धा 45 टक्के, आणि सगळ्यात जास्त पटलेलं कारण होतं सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं. पण याच मुंबईत 1991 ला पेपरात जाहिरात आली होती, बायकोला मारणं चूक मानणारे पुरुष हवेत, तर 205 जणांनी कळवलं आणि त्यातून 1993 मध्ये मावा ही पुरुषांची संस्था उभी राहिली. तुमच्या ग्रुपमध्येही अजून एखादा मनातून अस्वस्थ असेलच.

त्याला एकट्याला गाठा, सगळ्यांसमोर अपमान झाला तर तो राग घरी वहिनींवर निघेल. लोकलमध्ये तो स्वतः जे बोलला तेवढंच धरून बोला, वहिनींनी काही सांगितलंय असा संशयसुद्धा येता कामा नये. मला हे अजिबात पटलं नाही, परत करू नकोस, एवढं स्पष्ट म्हणा.

तुमच्या मिसेसनी वहिनींशी बोलावं, पण पुढे काय करायचं ते वहिनींनाच ठरवू दे. बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारं दिलासा केंद्र आहे, महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे, आणि घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने पोलीस केस न करताही कोर्टातून संरक्षण मागता येतं, घर सासूच्या नावावर असलं तरी सुनेला असंच बाहेर काढता येत नाही, हे त्यांच्या कानावर घाला.

आणि रात्री आवाज आला तर बेल वाजवा, काहीही मागायला जा, नाहीच थांबलं तर 112 लावा.